राखणीचे श्रम : ‘आडुजीवितम’ आणि ‘बनगरवाडी’ यांतील मेंढपाळाचे तौलनिक वाचन

सारांश

मेंढ्या-शेळ्या राखण्याचे काम तासांत मोजता येत नाही, या सबबीवर राखणाऱ्या मजुराला श्रमकायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवण्याची प्रथा एकाहून अधिक देशांत आढळते. प्रस्तुत लेखात बेन्यामिन यांची मल्याळम कादंबरी ‘आडुजीवितम’ (२००८) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दोन कलाकृतींत राखणीचे श्रम कसे आले आहेत, याचा विचार केला आहे. ‘आडुजीवितम’ ही सोशिकतेची किंवा श्रद्धेची कथा म्हणून वाचली जाते. ती प्रथमतः कामाच्या दिनक्रमाची कादंबरी आहे आणि तिचे मोठेपण तेथेच आहे, अशी येथील मांडणी आहे. तिच्या शेजारी ‘बनगरवाडी’ ठेवली असता कष्टाचे मोजमाप आणि कष्ट करणाऱ्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

प्रास्ताविक

मराठी साहित्यविचारात श्रमाची चर्चा बहुधा गिरणी, शेत आणि गावकुसाबाहेरची वस्ती या तीन ठिकाणांभोवती झाली आहे. गिरणी कामगाराचे जगणे नारायण सुर्वे यांच्या कवितेने आणि शेतकऱ्याचे जगणे ग्रामीण साहित्याने पुढे आणले. जातीने लादलेल्या कामांचा हिशेब दलित आत्मकथनांनी मांडला. मेंढपाळ मात्र या चर्चेत क्वचितच येतो. तो आपल्याला भेटतो तो खंडोबा-बिरोबाचा भक्त म्हणून, ओवी गाणारा म्हणून, घोंगडी पांघरून माळावर काठी टेकून उभा राहिलेला निसर्गाचा एक भाग म्हणून. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी धनगरांच्या दैवतांचा व मौखिक परंपरेचा जो अभ्यास केला, त्याचे मोल वादातीत आहे. परंतु मेंढपाळ हा काम करणारा माणूस आहे, त्याच्या कामाला सुरुवात, शेवट, कौशल्य, धोका आणि मोबदला असतो, ही बाजू या सांस्कृतिक कुतूहलाच्या मागे राहिली, हेही मान्य करावे लागते.

ही उणीव केवळ साहित्यविचाराची नाही. श्रमाचे नियमन करणाऱ्या कायद्यांनाही मेंढपाळ नीट दिसलेला नाही. म्हणून या लेखाचा आरंभ कायद्यापासून करणे सोयीचे होईल. त्यानंतर दोन्ही कादंबऱ्यांकडे वळू. ‘आडुजीवितम’चे येथील विवेचन जोसेफ कोयिप्पळ्ळी यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादावर (२०१२) आधारलेले असल्याने मूळ मल्याळम भाषाशैलीविषयी विधाने करण्याचे टाळले आहे.

१. कायद्याच्या कक्षेबाहेरचे काम

सौदी अरेबियाचा श्रमकायदा २००५ साली नव्याने करण्यात आला. त्यानुसार शेती व चराईच्या ज्या आस्थापनांत दहा किंवा त्याहून अधिक कामगार आहेत, त्यांनाच तो लागू होतो. वाळवंटातील शेळ्या-मेंढ्यांचा वाडा म्हणजे ‘मसरा’. तेथे एक किंवा दोन राखणदार असतात. म्हणजेच ज्या ठिकाणी माणूस सर्वाधिक एकटा असतो, नेमके तेच ठिकाण कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. याच्या जोडीला ‘कफाला’ ही प्रायोजकत्वाची पद्धत आहे. तीत परदेशी मजुराचा देशातील वास्तव्याचा हक्क एका विशिष्ट मालकाशी, म्हणजे कफीलाशी बांधलेला असतो. २०२१ साली सौदी शासनाने मजुरांना मालक बदलण्याची व देश सोडण्याची काही मोकळीक देणाऱ्या सुधारणा अमलात आणल्या. त्यांतूनही घरकामगार, खासगी वाहनचालक, माळी यांच्याबरोबर मेंढपाळांना वगळण्यात आले.

हा केवळ आखाती देशांचा दोष मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या १९३८च्या न्याय्य श्रममान कायद्यातही मोकळ्या कुरणावर जनावरे राखणाऱ्या मजुराला किमान वेतन व जादा कामाचा मोबदला या तरतुदींतून वगळण्यात आले आहे. तेथील पश्चिमेकडील राज्यांत पेरूसारख्या देशांतून हंगामी परवान्यावर आणलेले मेंढपाळ अनेक वर्षे इतर शेतमजुरांहून कमी मासिक वेतनावर काम करीत राहिले. न्यायालयीन वादानंतर २०१५ साली तेथील श्रमखात्याने त्यांच्या वेतनाचे नियम बदलले, तेव्हा त्यांत टप्प्याटप्प्याने वाढ सुरू झाली. भारतात १९४८च्या किमान वेतन कायद्याने ‘शेती’च्या व्याख्येत पशुपालनाचा समावेश केला होता. म्हणजे कागदावर आपला मेंढपाळ मजूर संरक्षणाच्या आत होता. परंतु माळरानावर फिरणाऱ्या वाड्यावर हजेरीपुस्तक कोण ठेवणार, हा प्रश्न येथेही अनुत्तरितच राहिला.

या वगळण्यामागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मेंढ्या चरत असतात तेव्हा राखणदार ‘नुसता उभा’ असतो, रात्री तो कळपाजवळ ‘नुसता झोपलेला’ असतो. मग त्यातले काम किती आणि विश्रांती किती, हे कसे ठरवायचे? हा प्रश्न वरकरणी वाजवी वाटतो. परंतु कारखान्याच्या दारावरचा पहारेकरीसुद्धा बराच काळ नुसता उभाच असतो, तरी त्याची पाळी आठ तासांची धरली जाते आणि नववा तास जादा कामाचा ठरतो. तेव्हा राखणीचे काम मोजता येत नाही हे खरे नव्हे. ते मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही, एवढेच खरे. जे काम कायद्याने मोजले नाही ते कादंबरी मोजू शकते काय, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. ‘आडुजीवितम’ : दिनक्रमाची कादंबरी

बेन्यामिन हे केरळचे लेखक अनेक वर्षे बहारीनमध्ये नोकरीनिमित्त राहिले. आखातातून परतलेल्या एका कामगाराच्या अनुभवावर आधारलेली त्यांची ‘आडुजीवितम’, म्हणजे शेळ्यांचे जिणे, ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कथानक थोडक्यात असे आहे. नदीतली वाळू काढण्याचे काम करणारा नजीब कर्ज काढून आखाती देशाचा व्हिसा मिळवतो. बांधकाम कंपनीत नोकरी मिळेल अशी त्याची समजूत असते. रियाधच्या विमानतळावर त्याला व त्याच्यासोबतच्या हकीम या तरुणाला एक अरब मालक, ‘अरबाब’, आपल्या गाडीत घालून नेतो. दोघांची ताटातूट होऊन नजीब वाळवंटातील एका मसऱ्यावर येऊन पडतो. तेथे शेळ्या, मेंढ्या आणि उंट आहेत. तीन वर्षांहून अधिक काळ तो तेथे अडकून पडतो. पुढे हकीम आणि इब्राहिम खादिरी या सोमाली सोबत्याबरोबर तो पळ काढतो. वाटेत हकीम तहानेने मरतो, इब्राहिम नाहीसा होतो आणि नजीब एकटाच शहरात पोहोचतो.

या कथानकातील नाट्य पलायनात आहे. २०२४ साली ब्लेसी यांनी या कादंबरीवर केलेल्या चित्रपटातही उत्तरार्धाचा मोठा भाग वाळवंटातील पायपिटीने व्यापला आहे. हे दृश्यमाध्यमाला धरूनच आहे. परंतु कादंबरी वाचताना पलायनाहूनही अधिक ठसतो तो त्यापूर्वीचा दिनक्रम. पहाटे दूध काढणे, जनावरांच्या कुंडांत पाणी भरणे, गवत आणि धान्य टाकणे, एकेक कळप मसऱ्याबाहेर काढून फिरवून आणणे, आणि पुन्हा पाणी, पुन्हा चारा. हे सारे एका दिवसाचे काम आहे आणि दुसरा दिवस त्याचीच पुनरावृत्ती आहे. बेन्यामिन हा क्रम घाईने उरकत नाहीत. वाचकाला कंटाळा येईल की काय, अशी शंका यावी इतक्या चिकाटीने ते त्याकडे परत परत येतात. ही पुनरावृत्ती म्हणजे रचनेतील शैथिल्य नव्हे. राखणीचे काम ज्या पद्धतीने आयुष्य खाऊन टाकते, ती पद्धतच त्यातून वाचकाच्या अनुभवास येते.

या दिनक्रमात काय मोजले जाते आणि काय मोजले जात नाही, याकडे लक्ष दिले पाहिजे. पाणी मोजले जाते. ते टँकरने येते आणि जनावरांसाठी असते. पहिल्याच दिवशी नजीब शौचानंतर पाणी वापरू लागतो, तेव्हा अरबाब त्याला पट्ट्याने मारतो. माणसाच्या अंगावर पाणी खर्च करणे ही त्या अर्थव्यवस्थेतील उधळपट्टी आहे, हे त्या एका फटक्यात वाचकाला कळते. खाण्यासाठी ‘खुबूस’ नावाची कोरडी रोटी मिळते आणि पिण्यासाठी जनावराचे दूध. मोजली जात नाही ती फक्त मजुराची वेळ. किती वाजता काम सुरू झाले, किती महिने झाले, किती वेतन थकले, यांचा हिशेब मसऱ्यावर कुठेच नाही. जनावर हे भांडवल आहे, पाणी ही किंमत देऊन आणलेली वस्तू आहे. माणूस मात्र फुकट आलेला आहे, म्हणून त्याची मोजदाद नाही. नजीबच्या आधी तेथे काम करणारा एक मजूर एके दिवशी दिसेनासा होतो आणि पुढे वाळूतून वर आलेला एक हात नजीबला आढळतो. कोणत्याही नोंदवहीत नसलेला माणूस मरतो तेव्हा त्याच्या मृत्यूचीही नोंद होत नाही, हे बेन्यामिन भाष्य न करता सांगतात.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे कौशल्याचे चित्रण. राखण हे ‘अकुशल’ काम समजले जाते. कादंबरीत मात्र नजीबला काहीच येत नाही. दूध काढायला गेल्यावर जनावर त्याला लाथाडते, कळप बाहेर काढल्यावर तो त्याला आवरत नाही. वाळू उपसण्यात निष्णात असलेला माणूस येथे नवशिका ठरतो. जनावराला आधी हाताने शांत करावे लागते, प्रत्येकाचा स्वभाव ओळखावा लागतो, हे तो मार खात शिकतो. म्हणजे ज्याला कायदा आणि बाजार अकुशल म्हणतो, त्या कामात शिकण्यासारखे पुष्कळ असते. फरक एवढाच की शिकण्याच्या काळात होणाऱ्या इजेची जबाबदारी कोणाची नसते.

राखणदार आणि जनावर यांचे नाते हा कादंबरीचा सर्वांत हृद्य भाग आहे. नजीब शेळ्यांना आपल्या गावातील माणसांची नावे देतो, त्यांच्याशी बोलतो. गावी असलेल्या गरोदर पत्नीला होणाऱ्या मुलासाठी त्याने नबील हे नाव ठरवलेले असते. आपल्या हातांवर जन्मलेल्या एका करडाला तो तेच नाव देतो. पुढे अरबाब या करडाचे खच्चीकरण करतो. पशुपालनाच्या दृष्टीने ही नित्याची क्रिया आहे. कळपात सगळेच नर ठेवून चालत नाही, हे कोणताही मेंढपाळ सांगेल. परंतु नजीबला तो घाव आपल्या शरीरावर झाल्यासारखा वाटतो. या प्रसंगाला प्रतीक म्हणून वाचणे सोपे आहे. त्याआधी तो कामाचा प्रसंग म्हणून वाचला पाहिजे. ज्याच्या मालकीचे जनावर आहे त्याने निर्णय घेतला आणि ज्याने ते हातात झेलले त्याला विचारले गेले नाही. श्रम आणि मालकी यांतील अंतर याहून नेमके सांगता येणार नाही.

३. क्रूर मालक की क्रूर व्यवस्था?

‘आडुजीवितम’वर घेता येणारा गंभीर आक्षेप असा की, तिच्यात दुःखाचे मूळ एका दुष्ट माणसात शोधले जाते आणि सुटकेचे श्रेय परमेश्वराला दिले जाते. अरबाबाच्या हाती दुर्बीण आणि बंदूक आहे, तो निर्दय आहे. नजीब श्रद्धाळू आहे आणि वाळवंटातील प्रत्येक वळणावर त्याला ईश्वरी कृपेची खूण दिसते. अशा मांडणीत व्यवस्था अदृश्य होते व उरते ती एका सत्त्वशील माणसाची परीक्षा, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. नजीबचे निवेदन प्रथमपुरुषी असल्याने त्याच्या आकलनाच्या मर्यादा कादंबरीलाही काही अंशी चिकटतात.

तरीही कादंबरीत एक प्रसंग असा आहे, की त्याने या आक्षेपाची धार कमी होते. पळून शहरात आलेला नजीब मायदेशी परत पाठवले जावे म्हणून स्वतःहून अटक करवून घेतो. तुरुंगात ठरावीक दिवशी ओळखपरेड होते. पळून गेलेले मजूर शोधण्यासाठी अरबाब येतात, रांगेतून फिरतात आणि आपला माणूस ओळखून घेऊन जातात. नजीबचा अरबाबही येतो. त्याच्यासमोर उभा राहतो. परंतु त्याला नेत नाही. कारण नजीब त्याच्या व्हिसावर आलेला नसतोच. विमानतळावरून त्याने दुसऱ्याचाच मजूर उचलून नेलेला असतो.

या प्रसंगाचा अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. बेकायदेशीर मालकापासून नजीब सुटतो, कारण त्याच्यावर त्या मालकाचा कागदोपत्री हक्क नाही. ज्यांचे कागद अगदी नियमाला धरून आहेत, त्या मजुरांना मात्र त्याच रांगेतून ओढून परत नेले जाते. म्हणजे येथे कायद्याचा भंग हे संकटाचे कारण नाही. कायद्याचे काटेकोर पालन झाले असते तर नजीब पुन्हा मसऱ्यावर गेला असता. अरबाब दुष्ट असो वा सज्जन, हा अधिकार त्याला व्यवस्थेने दिलेला आहे. निवेदक या योगायोगाला ईश्वराची कृपा मानतो. कादंबरी मात्र वाचकासमोर व्यवस्थेचे यंत्र उघडे करून ठेवते. निवेदकाला जे कळले त्याहून अधिक त्याच्या निवेदनातून कळते, ही या कादंबरीची मोठी जमेची बाजू आहे.

ही कादंबरी एका देशाची वा समाजाची बदनामी करते, हा दुसरा आक्षेपही या संदर्भात तपासता येतो. नजीबला वाळवंटातून शहरापर्यंत आपल्या मोटारीतून आणणारा माणूस अरबच आहे. दुसरीकडे, त्याला व्हिसा मिळवून देणारी साखळी त्याच्या स्वतःच्या मुलखात सुरू झालेली आहे. भारताच्या १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी शासकीय परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी करारपत्र पाहून दिली जाते. करारात लिहिलेले काम आणि प्रत्यक्ष मिळणारे काम यांच्यात वाळवंटाएवढे अंतर पडले, तर ते पाहणारी नजर तेथवर पोहोचत नाही. अखेरीस परत पाठवल्या जाणाऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या नजीबला मसऱ्यात हाकल्या जाणाऱ्या कळपाचीच आठवण होते. सुटकेच्या क्षणीही माणसे कळपासारखीच हाकली जातात, हे सांगून कादंबरी दोन्ही राज्यव्यवस्थांना एकाच प्रश्नासमोर उभे करते.

४. ‘बनगरवाडी’ : मेंढपाळ आणि मास्तर

आता ‘बनगरवाडी’कडे वळू. औंध संस्थानातील, माणदेशच्या माळावर वसलेली धनगरांची ही वाडी मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक तेथील एकशिक्षकी शाळेवर नेमला जातो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, दादू बालट्या, शेकू ही माणसे त्याला भेटतात. तालमीची इमारत उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते.

या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा अनलंकृत गद्यबंध, प्रदेशाचे अचूक चित्रण, निवेदकाचा समंजस अलिप्तपणा यांची योग्य ती नोंद समीक्षेने घेतली आहे. राखणीच्या श्रमाच्या अंगाने पाहता एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. कादंबरीच्या केंद्रस्थानी जो माणूस आहे, तो मेंढ्या राखत नाही. तो मुले राखतो. सरकारी नेमणूक, हजेरीपट आणि दरमहा पगार असलेला मास्तर हा खरे तर या वाडीतील आधुनिक अर्थाने ‘कामगार’ आहे. त्याच्या कामाचे तास ठरलेले आहेत, वरिष्ठ आहेत, अहवाल आहेत. त्याच्या भोवतालची माणसे त्याच्याहून कितीतरी अधिक राबतात, परंतु त्यांच्या कामाला ना वेळ आहे ना नोंद. निवेदन मास्तरचे असल्याने मेंढरे आपल्याला बहुधा सकाळी जाताना व संध्याकाळी परतताना दिसतात. मधला सारा दिवस, म्हणजेच राखणीचा दिवस, शाळेच्या भिंतीपलीकडे जातो.

याचा अर्थ माडगूळकरांना श्रम दिसत नव्हते असा नाही. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतः औताला खांदा देते, तो प्रसंग मराठी कादंबरीतील श्रमाच्या सर्वांत भेदक चित्रांपैकी एक आहे. तसेच शाळेत मुले न येण्याचे कारण आळस किंवा अज्ञान नसून ती कळपामागे जातात हे आहे, ही जाणही कादंबरीत आहे. शाळा भरली की घरातले राखणीचे हात कमी होतात. मास्तरचे यश हा घरधन्याचा तोटा असतो. हा संघर्ष माडगूळकर ओझरता दाखवतात व कारभाऱ्याच्या वडिलकीने तो मिटवून पुढे जातात. आजच्या वाचकाला तेथे थोडे थांबावेसे वाटते.

५. कष्ट आणि अधिकार

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता वरकरणी साम्ये पुष्कळ सापडतात. उघडा प्रदेश, कोरडी भाकरी वा रोटी, जनावरांवरची माया, पाण्याची वानवा. दख्खनच्या मेंढपाळाचे काम मसऱ्यावरील कामाहून हलके आहे, असे म्हणता येणार नाही. पावसाळा संपला की वाडा बाहेर पडतो. घोड्यांच्या पाठीवर संसार, कोकरे आणि कोंबड्या लादल्या जातात. रोज नवा तळ, नवे शिवार. रात्री लांडग्याची आणि चोराची धास्ती. शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा पैसे घ्यायचे. वर्षातून दोनदा लोकर कातरायची, आणि तिला आता भाव नाही. या साऱ्यात बायकांचे काम पुरुषांहून कमी नसते.

तरीही नजीबची अवस्था आणि बनगरवाडीच्या धनगराची अवस्था एक नाही. फरक कष्टाच्या प्रमाणात नाही. तो अधिकारात आहे. बनगरवाडीत दुष्काळ पडतो तेव्हा माणसे आपापली मेंढरे घेऊन निघून जातात. हा निर्णय लाचारीचा असला तरी त्यांचा स्वतःचा आहे. कळप त्यांचा आहे, दिशा त्यांनी ठरवायची आहे, सोबत माणसे आहेत. नजीबला कळप बाहेर काढता येतो, पण स्वतःला बाहेर काढता येत नाही. म्हणूनच ‘बनगरवाडी’त गाव सोडणे ही शोकांतिका ठरते आणि ‘आडुजीवितम’मध्ये मसरा सोडणे ही मुक्ती ठरते. निघून जाणे या एकाच क्रियेचा अर्थ मालकीच्या संबंधानुसार असा उलटा होतो.

परंतु या तुलनेतून ‘आपला’ मेंढपाळ स्वतंत्र आणि ‘तिकडचा’ गुलाम, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बनगरवाडीच्या चित्रात जो जवळजवळ अनुपस्थित आहे, तो दुसऱ्याचा कळप राखणारा चाकरीचा माणूस आपल्याकडेही आहे. सप्टेंबर २०२२मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी कुटुंबांतील लहान मुले थोड्या रकमेच्या व एखाद्या मेंढीच्या बदल्यात तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राखणीस ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आली. त्यांपैकी एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने हा व्यवहार प्रकाशात आला व १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हे नोंदवले गेले. कमी होत चाललेली चराऊ राने, घटते उत्पन्न आणि शाळेकडे वळलेली स्वतःची मुले, या ओढाताणीत सापडलेला मेंढपाळही त्याहून दुबळ्या माणसाच्या लेकरांना राबवू शकतो. मसरा ही भौगोलिक जागा नाही, ते एक नाते आहे. राखणारा एकटा, दूर, कर्जाने बांधलेला आणि कोणत्याही नोंदीबाहेर असला की ते नाते कुठेही उभे राहते.

माडगूळकरांच्या मास्तरला शाळेत न येणारे मूल आपल्या आईबापांच्या मेंढरांमागे गेलेले आढळले. २०२२च्या प्रकरणातील मूल दुसऱ्याच्या मेंढरांमागे गेले होते. हजेरीपटावर दोघेही ‘गैरहजर’च. या दोन गैरहजेऱ्यांत किती अंतर आहे, हे ओळखण्याची दृष्टी ‘आडुजीवितम’सारखी कादंबरी देते. म्हणूनच तिचे वाचन मराठी अभ्यासकाला उपयोगाचे आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, राखणीचे श्रम मोजता येत नाहीत हा समज साहित्य खोटा ठरवू शकते. बेन्यामिन यांनी दिनक्रमाच्या तपशिलातून ती मोजणी केली आहे आणि त्यांच्या कादंबरीचे मूल्यमापन करुणरसापेक्षा या मोजणीवर व्हावयास हवे. दुसरी, निवेदक कोण आहे यावर श्रमाचे दर्शन अवलंबून असते. मजूर स्वतः बोलतो तेव्हा दिवस आतून दिसतो, मास्तर बोलतो तेव्हा दिवसाची दोन टोके दिसतात. हा ‘बनगरवाडी’चा दोष नव्हे, तिच्या दृष्टिकोनाची ती कक्षा आहे. मात्र ती कक्षा आहे, हे वर्गात शिकवताना सांगितले गेले पाहिजे. तिसरी, कष्टाच्या वर्णनाने श्रमाचा प्रश्न सुटत नाही. कळप कोणाचा, कागद कोणाच्या नावाचा आणि निघून जाण्याची मुभा कोणाला, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज मेंढपाळावरील कोणत्याही कलाकृतीचे वाचन पुरे होत नाही.

पदव्युत्तर स्तरावर तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत या दोन कादंबऱ्या एकत्र नेमता येतील. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापकांनी त्या अध्यापनात सहभागी व्हावे, अशी ही सामग्री आहे. आपल्या महाविद्यालयांत वाड्यावर वाढलेली मुले-मुली आता शिकावयास येतात. त्यांपैकी कोणी राखणीचा तो मधला दिवस, जो मास्तरला दिसला नाही, स्वतःच्या शब्दांत लिहिला, तर मराठी साहित्यातील एक मोठी गैरहजेरी भरून निघेल. तोपर्यंत तरी, मेंढरांमागे गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे फुली मारताना ती मेंढरे कोणाची आहेत, हे विचारण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे.